फिल्टर काढला, पण धूर कुणाच्या छातीत?

इगतपुरीहून घोटीच्या बाजारापर्यंतचे अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटरचे. इंजिन पुरते तापण्याआधीच गाडी थांबते. रोज अशाच छोट्या फेऱ्या करणाऱ्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर एक दिवस पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजवाला सांगतो, ‘डीपीएफ चोक झालाय.’ वॉरंटी संपलेली असेल तर नव्या फिल्टरचा आकडा ऐकूनच घाम फुटतो. काही मॉडेलमध्ये तो लाखाच्या घरात जातो. मग कुणीतरी स्वस्तातला उपाय सुचवतो : फिल्टरच काढून टाका. खिशाला बरा वाटणारा हा सल्ला आरोग्याला मात्र महागात पडतो.

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. डिझेल मोटारीच्या धुरातील सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली, तर नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० मिलिग्रॅमवर. त्यासाठी गाड्यांमध्ये डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातील कण अडवणारा फिल्टर आला. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या बारीक नळ्या एकाआड एक बंद असतात. त्यामुळे धूर सच्छिद्र भिंतीतून गाळून बाहेर पडतो आणि काजळी आत अडकते. ही काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळली जाते. या क्रियेला ‘रिजनरेशन’ म्हणतात.

खरी अडचण इथेच आहे. कसारा घाट चढताना किंवा नाशिककडे महामार्गावर सलग धावताना धूर चांगला तापतो आणि काजळी जळण्यास मदत होते. गावातल्या फेऱ्यांत ती संधीच मिळत नाही. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

दिवा लागला म्हणजे फिल्टर बदलावाच लागतो, असे नाही. फिल्टरमध्ये दोन गोष्टी साचतात : काजळी आणि राख. काजळी जळते. राख मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते, ती जळत नाही. म्हणून आधी स्कॅनरवर कोणता कोड दाखवतो, फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब किती, काजळी किती आणि राख किती, हे लेखी मागावे. कधी दोष फक्त दाब मोजणाऱ्या सेन्सरचा किंवा त्याच्या नळीचा असतो. फिल्टर काजळीने भरला असेल, तर गॅरेजमध्ये यंत्र लावून रिजनरेशन करता येते. राख साचली असेल, तर तो काढून साफ करून घेता येतो. नवा फिल्टर हा शेवटचा पर्याय. गळका इंजेक्टर, ऑइल सोडणारा टर्बो किंवा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह तसाच ठेवून नवा फिल्टर बसवला, तर तोही पुन्हा भरतो.

फिल्टर काढणे कायद्यातही बसत नाही. गाडीत परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘पीयूसी तर मिळते ना,’ हा युक्तिवाद फसवा आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजला जातो. सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि या चाचणीतूनही निसटू शकतात. म्हणूनच नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत कण मोजणारे यंत्र आणले.

हे न दिसणारे कण फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यांचा संबंध दमा, हृदयविकार आणि पक्षाघाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत टाकला. घाटातल्या टपरीवर दिवसभर उभा राहणारा विक्रेता किंवा महामार्गाकडेने शाळेत जाणारी मुले या धुरापासून दूर जाऊ शकत नाहीत. गाडीमालकाचे वाचलेले पैसे त्यांच्या श्वासातून वसूल होतात.

मालकाची बाजूही दुबळी नाही. एकाच मॉडेलमध्ये तोच दोष वारंवार येत असेल आणि त्याने पर्यावरणाला हानी होत असेल, तर अशी वाहने परत मागवण्याची तरतूद कायद्याच्या कलम ११० ए मध्ये आहे. निर्मितीतला दोष असल्याची शंका असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तरीही दाद मिळाली नाही, तर राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. सर्व्हिसची बिले आणि स्कॅन रिपोर्ट इथे पुरावा ठरतात.

खर्च टाळण्याचा सोपा मार्ग रोजच्या सवयीत आहे. पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवावी. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या, कमी राख सोडणाऱ्या दर्जाचेच वापरावे. गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहिला, तर बहुधा रिजनरेशन अर्धवट राहिलेले असते. अशा वेळी शक्य असल्यास आणखी थोडे अंतर गाडी चालवावी आणि वाळलेल्या गवतावर ती उभी करू नये. नवीन गाडी घेताना फिरणे मुख्यतः गावातच होणार असेल, तर डिझेल खरोखर हवे का, हा प्रश्न शोरूममध्येच विचारलेला बरा.