विश्लेषण : एलईडी ड्रायव्हरवरचा ‘आर’ क्रमांक नेमकी कशाची हमी देतो?

छतातला पॅनेल लाइट असो, देव्हाऱ्यामागची पट्टी असो की दुकानाची पाटी, एलईडीला वीज पुरवणाऱ्या छोट्या डबीची सुरक्षा नोंदणी देशात सक्तीची आहे. खोक्यावर शिक्के मात्र अनेक असतात. त्यांतला कामाचा कोणता आणि तो खरा आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

एलईडी दिवा बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा एलईडी शाबूत असतात. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढतो, पीओपीच्या भोकातून काड्याच्या पेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी बाहेर काढतो आणि म्हणतो, ‘ड्रायव्हर गेलाय.’ मग कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘तसाच’ दुसरा येतो. वॅट जुळले, वायरी जुळल्या, दिवा लागला की काम संपले. या खरेदीत डबीवर काय छापले आहे, हे सहसा कोणी वाचत नाही. दिवा घेताना निदान ब्रँड पाहिला जातो. ड्रायव्हर मात्र घासाघीस करून घेतला जातो, आणि घरच्या २३० व्होल्टला थेट जोडलेली वस्तू तीच असते.

ड्रायव्हर करतो काय?

एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट पुरतात, तेही डीसी. भिंतीतून येतो २३० व्होल्टचा एसी. ड्रायव्हर आधी त्याचे डीसी करतो. या टप्प्यावर आतला दाब सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतो. मग तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे कमी दाबाने पाठवतो. पॅनेल आणि डाउनलाइटचे ड्रायव्हर ठरावीक प्रवाह राखतात, म्हणजे इतके मिलिअँपिअर, ना कमी ना जास्त. पट्ट्यांना लागतो तो १२ किंवा २४ व्होल्टचा पुरवठा. दुकानात त्याला अडॅप्टर किंवा एसएमपीएस म्हणतात.

सुरक्षेचा सगळा प्रश्न त्या ट्रान्सफॉर्मरपाशी आहे. त्याच्या अलीकडे जीव घेऊ शकणारा दाब आणि पलीकडे बोट लागले तरी चालेल असा दाब. मधली भिंत म्हणजे तारेवरचे इन्सुलेशन, सर्किट बोर्डावर दोन बाजूंच्या तांब्याच्या रेघांमध्ये सोडलेले काही मिलिमीटर अंतर आणि एक छोटा कपॅसिटर. हा कपॅसिटर बहुधा निळा, चकतीच्या आकाराचा असतो. विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी तो दोन्ही बाजूंना जोडलेला असतो, म्हणून तो ‘वाय’ वर्गाचा असावा लागतो. या वर्गाची घडणच अशी असते, की निकामी झाला तरी आतून शॉर्ट होण्याची शक्यता फार कमी राहते. त्याच्या जागी साधा, स्वस्त कपॅसिटर बसवला तरी ड्रायव्हर पहिल्या दिवशी तितकाच चांगला चालतो. तो कपॅसिटर शॉर्ट झाला, तर १२ व्होल्टच्या पट्टीवर मेनचा दाब येतो.

आणि दिवा लागलेलाच असतो. यातली खरी भीती हीच. फ्यूज जात नाही, धूर येत नाही, प्रकाश कमी होत नाही. पट्टीच्या कापलेल्या टोकाचे उघडे तांबे किंवा अर्थिंग नसलेली अ‍ॅल्युमिनियमची चौकट पुसायला कोणी हात लावीपर्यंत काही कळत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो तिथे वीज तोडतो. जुन्या चाळींत आणि इमारतींत तो अनेकदा नसतो.

चाचणीत काय पाहतात?

एलईडी ड्रायव्हरच्या सुरक्षेचे भारतीय मानक आहे आयएस १५८८५, भाग २, विभाग १३. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या आयईसी ६१३४७ या मानकाशी ते मिळतेजुळते आहे. प्रयोगशाळेत नमुना आधी ४८ तास नव्वद टक्क्यांहून अधिक दमट हवेत ठेवतात. कोकणातल्या जुलैची कल्पना केली तरी चालेल. तो बाहेर काढून इन्सुलेशनचा रोध मोजतात आणि मग भिंतीच्या दोन बाजूंमध्ये उच्च दाब देतात. दुहेरी इन्सुलेशनसाठी हा दाब कार्यदाबाच्या कितीतरी पट असतो आणि तो एक मिनिटभर देतात. ठिणगी पडली तर नमुना नापास. प्लास्टिकच्या कवचाला ६५० अंश सेल्सियसला तापवलेल्या तारेचा स्पर्श करतात. तार काढल्यावर ज्वाला ३० सेकंदांत विझली पाहिजे आणि खाली ठेवलेल्या पातळ कागदाने पेट घेता कामा नये.

सर्वांत बोलकी चाचणी बिघाडाची. आतले भाग एकेक करून मुद्दाम शॉर्ट केले जातात. यात ड्रायव्हर मेला तरी हरकत नसते. ज्वाला, वितळलेला रस किंवा पेटणारा वायू बाहेर येता कामा नये आणि हात लागेल अशा भागावर धोकादायक दाब उरता कामा नये, एवढीच अट. थोडक्यात, ड्रायव्हर किती वर्षे चालेल हे हे मानक विचारत नाही. जाताना तो कोणाला सोबत नेणार नाही ना, एवढेच पाहते.

नोंदणी कधीपासून आणि कशी?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला. पहिल्या यादीत टीव्ही, लॅपटॉप, संगणकाचे अडॅप्टर अशा १५ वस्तू होत्या. एलईडी ड्रायव्हर, एलईडी बल्ब आणि घरगुती एलईडी दिवे नोव्हेंबर २०१४ च्या अधिसूचनेने त्यात आले, मोबाइल आणि पॉवर बँकच्या बरोबरीने. रस्त्यावरचे दिवे, फ्लडलाइट, छतात बसणारे दिवे आणि दिव्यांच्या माळा यांचा समावेश २०१७ च्या अधिसूचनेने झाला.

आयएसआय चिन्ह आणि ही नोंदणी या दोन वेगळ्या योजना आहेत, आणि इथे बऱ्याच जणांची गफलत होते. वायर किंवा एमसीबीवर आयएसआय चिन्ह येते तेव्हा भारतीय मानक ब्युरोचा अधिकारी आधी कारखाना पाहतो. नोंदणी योजनेत तसे नसते. उत्पादक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना देतो, ९० दिवसांपेक्षा जुना नसलेला अहवाल जोडतो, आपला माल मानकानुसार असल्याचे स्वतः जाहीर करतो आणि ब्युरो त्याला क्रमांक देते. परदेशी कारखान्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. एका मालिकेतल्या अनेक मॉडेलांसाठी मोजक्या प्रातिनिधिक नमुन्यांची चाचणी चालते. पुढे बाजारातून नमुने उचलून तपासणी होते, दोष आढळल्यास नोंदणी रद्दही होते.

म्हणजे प्रयोगशाळेत गेलेला नमुना आणि दुकानात आलेला माल यांच्यामध्ये बराचसा विश्वास आहे. नमुन्यात ‘वाय’ वर्गाचा कपॅसिटर आणि नंतरच्या लाखभर नगांत साधा, असे करणे अशक्य नाही. तरीही नोंदणी निरुपयोगी ठरत नाही. तिच्यामुळे मालाला एक पत्ता मिळतो. अपघात झाला तर कोणता कारखाना, कोणता ब्रँड, जबाबदार कोण, याचे उत्तर त्या क्रमांकातून मिळते. बेनामी डबीच्या बाबतीत ते कुठूनच मिळत नाही. २०१६ च्या मानक ब्युरो कायद्यात नोंदणीविना विक्रीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद करण्यात आली. ती विक्रेत्यालाही लागू होते.

बाजाराचे चित्र मात्र वेगळेच दिसले आहे. निल्सनने २०१७ मध्ये मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबादमधल्या २०० दुकानांची पाहणी केली होती. तीत ७६ टक्के एलईडी बल्ब ब्रँड आणि ७१ टक्के डाउनलाइट ब्रँड सुरक्षा निकषांत बसत नव्हते. जवळपास निम्म्या बल्ब ब्रँडवर उत्पादकाचा पत्ताच नव्हता. पाहणी संघटित उद्योगाच्या पुढाकाराने झाली होती, हे ध्यानात ठेवूनही आकडा लहान नाही. दिवे निदान खोक्यात येतात. सुटे ड्रायव्हर अनेकदा प्लास्टिकच्या पिशवीतून येतात.

शिक्क्यांच्या गर्दीत कोणता पाहायचा?

ड्रायव्हरवर ‘सीई’ ही अक्षरे हमखास असतात. तो युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाने स्वतः केलेला दावा आहे. भारतात त्याला कायदेशीर अर्थ नाही. ‘आरओएचएस’ म्हणजे शिसे, पारा अशा घातक द्रव्यांवरची मर्यादा. शॉक किंवा आगीशी त्याचा संबंध नाही. ताऱ्यांचे लेबल विजेच्या बचतीचे. आणि ड्रायव्हरवर आयएसआय चिन्ह दिसले तर सावध व्हावे, कारण ही वस्तू त्या योजनेतलीच नाही.

हवे असते ते ब्युरोचे चिन्ह. त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडे. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत अ‍ॅपवर नोंदणी क्रमांक पडताळण्याची सोय आहे. सोन्याच्या हॉलमार्कसाठी अनेकांनी ते आधीच घेतलेले असते. क्रमांक टाकला की उत्पादक, पत्ता, ब्रँड, वस्तू, मानक आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे दिसते.

‘चालू आहे’ एवढे वाचून थांबू नये. खोटा क्रमांक पकडणे सोपे, खरा पण दुसऱ्याच वस्तूचा क्रमांक पकडणे अवघड. पट्टीसाठी घेतलेल्या अडॅप्टरवर आयएस १३२५२ असेल, तर ती नोंदणी संगणक आणि तत्सम उपकरणांच्या वर्गातली आहे. आयएस १६१०२ असेल तर ती बल्बची. ड्रायव्हरवर १५८८५ हवे. ब्रँडही जुळला पाहिजे, कारण नोंदणी एका कारखान्याची, एका वस्तूची आणि त्यात नोंदलेल्या ब्रँडचीच असते. दुसऱ्या कोणाचा क्रमांक स्वतःच्या डबीवर छापला तर तो अ‍ॅपवर हिरवा दिसेल, पण नाव वेगळे निघेल. तपासायला मिनिटभर लागते. तपकीर गल्लीत किंवा लोहार चाळीत शनिवारच्या गर्दीत हे जमणार नाही हे खरे, पण लेबलचा फोटो काढून घरी पाहता येते आणि पक्के बिल असेल तर माल परतही करता येतो.

नोंदणी खरी, तरी धोका कुठे?

मानकाला दोन प्रकारचे ड्रायव्हर मान्य आहेत. एकात वर सांगितलेली भिंत असते, दुसऱ्यात ती नसतेच आणि एलईडीची पाटी मेनशी थेट जोडलेली असते. दुसरा प्रकारही नोंदणीकृत असू शकतो. फक्त त्याचे संरक्षण दिव्याच्या बंद, इन्सुलेटेड कवचातून यावे लागते. तोच ड्रायव्हर कोणी उघड्या पट्टीला किंवा घरी जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियम चौकटीला लावला तर नोंदणी खरी असूनही शॉक बसेल. उघड्या पट्टीसाठी लेबलवर ‘एसईएलव्ही’ ही अक्षरे शोधावीत. अत्यल्प आणि मेनपासून विलग दाब, असा त्यांचा अर्थ.

दुसरी बाब जागेची. दिव्याच्या पोटात बसवण्यासाठी बनवलेला ‘बिल्ट-इन’ ड्रायव्हर पीओपीच्या पोकळीत सुटा टाकायचा नसतो. तिथे ‘इंडिपेंडंट’ लिहिलेला, स्वतःचे पूर्ण कवच असलेला लागतो. जुना ड्रायव्हर बदलला की दिव्याची मूळ नोंदणी नव्या जोडीला लागू होत नाही, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

आणि उष्णता. लेबलवर ‘टीसी’ लिहून एक ठिपका दिलेला असतो. त्या ठिकाणचे तापमान छापलेल्या आकड्याच्या वर जाऊ नये, अशी अट असते. पोकळीत हवा खेळत नसेल तर ते जाते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते, म्हणून गच्चीखालच्या खोलीतले ड्रायव्हर आधी जातात. पट्टीचा भार ६० वॅट असेल तर ६० चा नव्हे, ७५ चा पुरवठा घ्यावा. वायरमन हे जाणतात, पण ग्राहक दर विचारतो आणि ते ६० चा देतात. गणपतीच्या आराशीत तर त्याच अडॅप्टरला आणखी दोन पट्ट्या जोडल्या जातात आणि वर थर्माकोलऐवजी हल्ली कापड किंवा पुठ्ठा असतो. दोन्ही पेटतात.

ड्रायव्हर बदलायची वेळ आली तर जुन्याच्या लेबलचा फोटो आधी काढावा आणि वॅटबरोबर मिलिअँपिअर व व्होल्टची मर्यादाही जुळवून घ्यावी. नव्यावर क्रमांक नसेल किंवा अ‍ॅपवर नाव वेगळे निघाले, तर त्याच अ‍ॅपमधून फोटोसह ब्युरोकडे तक्रार करता येते. दुकानदाराने पैसे परत करायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.