टाळूचे हाड मोडते तेव्हा

कठीण टाळूच्या हाडाला वरून नाकाचे आणि खालून तोंडाचे अस्तर घट्ट चिकटलेले असते. हाड मोडले की बहुधा अस्तरही फाटते आणि अस्थिभंग थेट तोंडातल्या जंतूंसमोर उघडा पडतो.

इतक्या आतले हाड मोडायला आघातही तसाच जबर लागतो. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून निघालेला दुचाकीस्वार हेल्मेट कोपराला अडकवून तोंडावर पडला, तर हे सहज घडते. वरचा ओठ फाटतो, दात पडतात; टाळूवरची चीर मात्र रक्तात दिसतही नाही.

जवळच्या रुग्णालयात आधी श्वासमार्ग पाहिला जातो. मग दात मोजायचे. एखादा सापडला नाही तर छातीचा एक्स-रे काढतात, कारण तो फुप्फुसात गेलेला असू शकतो. त्यानंतरचा प्रश्न साधा, पण सर्वांत मोलाचा: दात पूर्वीसारखे बसतात का? रुग्ण ‘नाही’ म्हणाला तर डॉक्टर एका हाताने कपाळ धरून दुसऱ्याने वरचे दात हलवतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलल्या की निदान जवळजवळ झालेच. सीटी स्कॅनवर नेमकी रेषा कळते. लहान वयात ती मधल्या सांध्यातून जाते, प्रौढांत बहुधा त्याच्या बाजूच्या पातळ हाडातून.

प्रतिजैविके, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि जखमेची स्वच्छता लगेच होते. शस्त्रक्रियेत अडचण भुलीच्या नळीची. तोंडातून घातली तर दात मिटत नाहीत, आणि मोडलेल्या नाकातून घालणे धोक्याचे. १९८६ साली स्पेनच्या एर्नांदेस आल्तेमीर यांनी ती हनुवटीखालून बाहेर काढण्याची युक्ती मांडली. आजही ती वापरली जाते.

मग वरचे-खालचे दात तारांनी जुळवून बांधतात आणि जबड्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात. खालचा जबडा शाबूत असेल तर वरच्याचे माप तोच देतो. हाडाचे तुकडे फाकत असतील तर ठशावरून बनवलेली अ‍ॅक्रिलिकची प्लेट टाळूला लावतात. ती साधारण चार ते सहा आठवडे ठेवावी लागते. तोवर पेज आणि वरणाचे पाणी. मुंबईत नायर दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जबड्याच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत.

पुढे पाणी पिताना ते नाकातून आले, तर टाळूला भोक राहिले असे समजावे. लहान भोक प्लेटखाली कधी आपोआप भरते. मोठे असल्यास सूज व जंतुसंसर्ग ओसरल्यावर शेजारच्या अस्तराचा पदर सरकवून बुजवतात.