परसांतील छायाचित्रें

छायाचित्र काढावयाचें म्हटलें म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या मनांत प्रथम एखादें दूरचें स्थळ येतें. लासूर स्टेशनाहून आगगाडीनें दौलताबादेस जावें, देवगिरीचा किल्ला व वेरूळचीं लेणीं पाहावीं, आणि तेथें लख्ख ऊन असावें, अशी त्यांची अपेक्षा असते. आकाश भरून आलें, दोन-चार दिवस सूर्यदर्शन झालें नाहीं, कीं कॅमेरा पेटींत आणि मोबाईल खिशांत राहतो. वस्तुतः मळभाचा दिवस ही परमेश्वरानें छायाचित्रकारास दिलेली देणगीच होय.

याचें कारण प्रकाशाच्या स्वभावांत आहे. भर उन्हांत प्रकाश एकाच दिशेनें येतो. त्यामुळें छाया काळ्या व कठोर पडतात, आणि उजळ भाग इतका पांढरा होतो कीं त्यांतील बारकावे नाहींसे होतात. आभाळ झांकोळलें म्हणजे ढगांचा संपूर्ण पडदाच दिव्याचें काम करतो. त्या मंद प्रकाशांत छाया मृदु होतात, ओल्या पानांचा हिरवा रंग खुलतो; आणि उन्हानें डोळे मिचकावावे लागत नसल्यामुळें आजीच्या मुद्रेवरील शांत भाव जसाचा तसा उमटतो.

योसेफ सुदेक या छायाचित्रकारानें पहिल्या महायुद्धांत आपला उजवा हात गमावला होता. पुढें प्राग शहर जर्मनांच्या ताब्यांत असतां, १९४० सालीं, त्यानें आपल्या लहानशा कार्यशाळेच्या खिडकीचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला, आणि १९५४ पर्यंत तो तीं घेत राहिला. दंवानें धूसर झालेली कांच आणि अंगणांतील एक वांकडें झाड, एवढाच त्याचा विषय. परंतु त्यावर त्याची कीर्ति उभी आहे.

आपल्याकडील उदाहरण त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचें. १९१२ सालीं त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचें चित्रण नित्यनेमानें महिनाभर केलें. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी चित्रफीत पाहून लोकांचा विश्वास बसला व भांडवल मिळण्यास साहाय्य झालें. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या मुळाशीं घरची एक कुंडी होती!

आतां कृतीविषयीं. मळभांत प्रकाश कमी असल्यानें चित्र टिपण्यास अधिक वेळ लागतो व हात हलल्यास तें पुसट होतें. म्हणून कॅमेरा स्टुलावर वा कट्ट्यावर टेकवावा. पांढरें फटक आकाश चौकटींत घेऊं नये. वळचणीच्या पागोळ्या, अळूच्या पानावरील थेंब, रांजणावरील शेवाळ, यांपैकीं एकच विषय निवडावा आणि तो जवळून, खालून, बाजूनें, दहा प्रकारें पाहावा. माणसाचें चित्र घ्यावयाचें असल्यास त्यास पडवीच्या दाराशीं बसवावें.

पालकांसही एक विनंति आहे. या छंदास प्रवासखर्च लागत नाहीं. उलट घरांतील जातें, परसांतील जुनी भिंत आणि वृद्ध मंडळी हीं सदैव आपल्यापाशीं राहणार नाहींत. किल्ल्याचीं चित्रें हजारों लोक काढतात. आपल्या आजीचें चित्र मात्र आपणच काढलें पाहिजे. तेव्हां, बालमित्रांनो, पुढच्या वेळीं आभाळ दाटून आलें, तर प्रथम मागील दार उघडून पाहा.