चार सुरांवर चार दशकं

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ रोजी ‘यू-टू’ हा आयरिश रॉक बँड भारतात पहिल्यांदा वाजला. ‘द जोशुआ ट्री’ या १९८७ च्या अल्बमवर बेतलेल्या दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम. गर्दीचे डोळे गायक बोनोवर. बेस गिटार सांभाळत होता ५९ वर्षांचा ॲडम क्लेटन.

क्लेटन जन्मला इंग्लंडमध्ये, वाढला डब्लिनजवळच्या मालाहाइडला. १९७६ मध्ये माउंट टेम्पल शाळेच्या फलकावर लॅरी मलन या ड्रमरनं बँडसाठी वादक हवेत अशी चिठ्ठी लावली. क्लेटनकडे बेस होता, ॲम्प होता, वादकांची भाषाही तोंडात होती. वाजवणं मात्र बेताचंच. म्हणून की काय, सुरुवातीला कार्यक्रम मिळवण्याची खटपट त्यानंच केली.

रीतसर शिक्षण नसल्यानं तो मोजकंच वाजवायचा, आणि तीच पुढे त्याची ओळख झाली. ‘न्यू इयर्स डे’ची (१९८३) गाजलेली बेसची ओळ ‘व्हिसाज’ या बँडचं एक गाणं वाजवून पाहताना सापडली. ‘विथ ऑर विदाउट यू’मध्ये तर सा, प, ध, म एवढेच सूर, त्याच क्रमानं, जवळपास गाणंभर. वर गळा आणि गिटार चढत जातात, खाली बेस जागचा ढळत नाही. तबल्यातल्या डग्ग्यासारखं त्याचं काम: असताना लक्ष जात नाही, नसला की गाणं पोकळ वाटतं.

तो एकदा खरंच नव्हता. २६ नोव्हेंबर १९९३ ला सिडनीत दारूमुळे तो मंचावर येऊ शकला नाही. त्याचा बेस तंत्रज्ञ स्टुअर्ट मॉर्गन वाजवायला उभा राहिला. पुढे क्लेटननं दारू सोडली. जगभर नाव झाल्यावर न्यूयॉर्कमध्ये शिक्षकापुढे बसून बेसचे धडेही घेतले. १९९६ मध्ये मलनसोबत त्यानं ‘मिशन: इम्पॉसिबल’ची धून नव्यानं बांधली, मूळची पाच मात्रांची चाल प्रामुख्यानं चार मात्रांत बसवली. २००५ मध्ये बँड ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये गेला.

२०२३ मध्ये लास व्हेगासच्या ‘स्फिअर’मधल्या कार्यक्रमांत शस्त्रक्रियेमुळे मलन नव्हता. नव्या ड्रमरच्या जोडीला तेव्हा क्लेटनच उभा होता. हातानं त्याच्याहून तयार बेसवादक पुष्कळ आहेत. पण शाळेत जमलेला बँड इतकी वर्षं टिकायला तयारीइतकाच, कदाचित त्याहून जास्त, संयम लागतो. क्लेटननं तो वादनात आधी कमावला, आयुष्यात नंतर.