मुक्काम एका रात्रीचा, मशवरा महिनाभराचा

डिसेंबर सरत आला की जामखेडच्या आसपासच्या रानांत ज्वारीची कणसे दुधात भरतात आणि घरोघरी एकच विषय निघतो, हुरड्याला कधी जायचे? दोन वर्षांपूर्वी आमच्या मुहल्ल्यातल्या पाच घरांनी ठरवले की नुसता दुपारचा हुरडा नको, या वेळी एक रात्र शेतातच मुक्काम करू. मुलांनी मोबाईलवर तंबूंची छायाचित्रे पाहिली होती, त्यांचा हट्ट होताच. खर्ड्याच्या बाजूला आमच्या नात्यातल्या एकांचे शेत आहे. दोन तंबू भाड्याने आणले, टेम्पो ठरवला आणि निघालो. तयारी एवढीच.

परतलो तेव्हा पुरुष आणि मुले खूश होती. स्त्रिया मात्र गप्प होत्या. चार दिवसांनी अम्मींना लघवीची जळजळ सुरू झाली, तापही आला. डॉक्टरांनी विचारले, "पाणी किती पीत होता?" तेव्हा अम्मी हळूच म्हणाल्या, "दिवसभरात दोन घोट." शेतात आडोसा नव्हता, म्हणून त्यांनी पाणी पिणेच टाळले होते. मग भाभीही बोलल्या, "आम्ही सहलीला गेलोच कुठे? घरातली चूल शेतात गेली, एवढंच." शेजारच्या फुफी 'मुलाचा पेपर आहे' म्हणून आल्या नव्हत्या. त्यांची खरी अडचण वर्गणीची होती, हेही आम्हाला नंतर कळले.

दोष कोणा दुसऱ्याचा नव्हता, आमचाच होता. आम्ही सामानाचा विचार केला, माणसांचा केला नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात पुन्हा जायचे ठरले तेव्हा महिनाभर आधी सगळे एकत्र बसलो. वाचक बंधू-भगिनींनो, त्या मशवऱ्यातून जे हाती लागले, ते तुमच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

आधी अमीर, मग यादी

तिघे जण प्रवासाला निघाले तरी एकाला अमीर नेमावे, ही आपल्याला शिकवण आहे. आम्ही चाचांना अमीर केले. त्यांनी पहिले काम केले ते असे की बैठकीत स्वतः काही न बोलता स्त्रियांना आधी बोलायला सांगितले. पहिला प्रश्न आला, "आडोसा कुठे?" दुसरा, "स्वयंपाक कोण करणार?" आणि तिसरा दादींचा, "मला दमा आहे. मी आले तर तुमची अडचण होईल का?" तंबू, टेम्पो आणि हुरडा हे विषय नंतर निघाले. आमच्या आखणीचा क्रम तिथेच ठरला. सर्वात नाजूक माणसाची सोय आधी लावायची, बाकीचे त्यात आपोआप बसते.

जागा आणि दिवस

मुलांना सौताड्याच्या धबधब्याजवळ राहायचे होते. जागा सुंदर आहे, पण तिथे दरीत उतरावे लागते आणि हिवाळ्यात पाण्याची धारही बारीक झालेली असते. शिवाय रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागेत साचते, त्यामुळे दरीत आणि ओढ्याकाठी गारठा जास्त असतो. दादींना ते सोसले नसते. शेवटी शेतच ठरले, पण ओढ्यापासून दूर, थोडी उंच आणि सपाट जागा निवडली. वर झाडाची वाळकी फांदी नाही ना, हेही पाहून घेतले. आठवडाभर आधी दोघांनी जाऊन जागा पाहिली आणि मालकांची परवानगी पुन्हा विचारली. नातेवाईक असले तरी कणसांचे पैसे आधीच ठरवून दिले. हुरडा हे त्यांच्या घामाचे पीक आहे, फुकट खाण्याचा हक्क आपल्याला नाही.

शनिवारी दुपारी निघून रविवारी दुपारनंतर परतायचे ठरले, म्हणजे जुमा गावातच होतो आणि मुलांची शाळाही बुडत नाही. हिजरी महिन्याच्या १३, १४, १५ यांपैकी एखादी तारीख शनिवारी येत असेल तर फारच छान. रात्रभर चांदणे असते, वृद्धांना चालायला भीती वाटत नाही.

आडोसा आणि पाणी

आडोसे दोन केले, स्त्रियांचा एका बाजूला, पुरुषांचा अगदी दुसऱ्या बाजूला. चार बांबू, जाड कनात, गुडघाभर खोल खड्डा, शेजारी मातीचा ढीग आणि फावडे, पाण्याची बादली, टमरेल, साबण आणि अडकवायला बॅटरी. विहिरीपासून तो लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. निघताना खड्डा बुजवून टाकला. या सगळ्याला दोन तास आणि थोडे पैसे लागले. आदल्या वर्षी एवढेही आम्हाला सुचले नव्हते.

आपला तालुका पाण्याला तरसणारा, म्हणून पाण्याचा हिशेब कागदावर मांडला. आम्ही २६ जण होतो. पिण्यासाठी माणशी तीन लिटर धरून घरूनच २० लिटरचे चार जार नेले. शनिवारच्या असरपासून रविवारच्या जुहरपर्यंत पाच नमाजा होतात. नमाज पढणारे २० जण, एका वुजूला एक लिटर, म्हणजे १०० लिटर झाले. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. मुलांना लिटरचा लोटा हातात देऊन हे करून दाखवले तेव्हा घरचा नळ किती वाहतो, हे त्यांचे त्यांनाच उमगले. स्वयंपाक, भांडी आणि आडोशासाठी विहिरीचे पाणी दोन पिंपांत भरून ठेवले. पहाटे वुजूसाठी एक मोठे पातेले गरम पाणी चुलीवर असायचेच. हे काम मुलांमधल्या मोठ्या दोघांकडे होते.

नमाज आणि किबला

डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. रात्र तेरा तासांची. असर, मगरिब आणि इशा एकापाठोपाठ येतात, म्हणून असरपूर्वी तंबू उभे आणि सरपण जवळ, हा नियम केला. अंधारात खुंट्या ठोकत बसण्यासारखा ताप नाही.

एक चूक बहुतेक जण करतात. मोकळ्या रानात सूर्य मावळला, तिकडेच तोंड करून उभे राहतात. पण हिवाळ्यात सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, तो नैऋत्येकडे सरकलेला असतो. आपल्या भागातून किबला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे, सुमारे ११ अंशांवर आहे. दोन्हींत जवळजवळ ३५ अंशांचे अंतर पडते. मावळतीकडे तोंड करून हात लांब करा आणि उजवीकडे साडेतीन मुठी मोजा, साधारण किबला सापडेल. होकायंत्र असेल तर उत्तमच. आम्ही दिवसाउजेडीच चुन्याची रेघ मारून ठेवली. अंतर कमी असल्याने आम्ही पूर्ण नमाज पढलो. लांबून येणाऱ्यांनी कसर आणि चामडी मोज्यांवरील मसहचे नियम आपल्या इमाम साहेबांना आधीच विचारून घ्यावेत.

थंडी, आग आणि रात्र

अंगावर दोन गोधड्या घेऊनही आदल्या वर्षी मुले कुडकुडली, कारण थंडी खालून येत होती. या वेळी आधी ताडपत्री, तिच्यावर वाळल्या कडब्याचा जाड थर, त्यावर सतरंजी आणि मग गोधडी. दादींच्या वाट्याला जास्त कडबा. कानटोपी, पायमोजे आणि झोपताना बदलायला कोरडे कपडे प्रत्येकाला सक्तीचे. दादींचा पंप त्यांच्या उशाशी आणि दुसरा अमीरांच्या खिशात.

शेकोटी तंबूंपासून पंधरा-वीस पावले दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला, शेजारी पाण्याची बादली. दादींना धुराचा त्रास नको म्हणून त्यांची खुर्ची वेगळी. आणि एक गोष्ट कोणी कितीही कुडकुडले तरी करायची नाही, ती म्हणजे शेगडी तंबूत न्यायची नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांत लहान मुलेही होती. जळणातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. निखाऱ्यांचेही तेच.

जंगली जनावरांचाही विचार केला. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेजारच्या आष्टी आणि करमाळा तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती. म्हणून मगरिबनंतर कोणीही एकटे फिरायचे नाही, आडोशाला जाताना सोबत आणि बॅटरी हवीच, उघड्यावर झोपायचे नाही, खरकटे लांब पुरायचे. साप थंडीत कमी दिसतात, पण घोणस हिवाळ्यातही फिरते. बूट झटकूनच घालायचे. साप चावलाच तर पट्टी आवळणे, चिरा मारणे, झाडफूक यांत वेळ घालवू नये. पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेचा १०८ आणि वनविभागाचा १९२६ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये भरले. एक गाडी रात्रभर रस्त्याच्या दिशेने तोंड करून उभी ठेवली.

चूल आणि वर्गणी

स्वयंपाकाची पाळी पुरुषांकडे आली. भाकरी आणि चटण्या घरूनच नेल्या, त्याही सगळ्यांनी मिळून केल्या. रात्रीची खिचडी मामूंनी केली. मीठ जास्त झाले, पण भाभींनी बसल्या जागी, गरमागरम ताट हातात घेऊन ती खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली. सकाळी आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणसे भाजली. गरम कणसे तळहातावर चोळून गुळभेंडीचा हुरडा, लसणाची चटणी, गूळ आणि दही.

वर्गणीचा आकडा कोणावरही लादला नाही. तंबू, टेम्पो, कणसे आणि किराणा यांचा एकूण खर्च सांगितला आणि सहाही घरांनी ऐपतीप्रमाणे बंद पाकिटात द्यावे, असे ठरले. पाकिटावर नाव नाही. यादी वाचायची नाही. थोडे कमी पडले, ते ज्यांना जमले त्यांनी गुपचूप भरले. फुफी मुलांसह आल्या.

रविवारी सकाळी खर्ड्याचा भुईकोट किल्ला पाहिला. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली आणि निजामअलीने याच किल्ल्याचा आसरा घेतला. मुलांनी विचारले, "म्हणजे हिंदू आणि मुसलमान लढले का?" चाचा म्हणाले, "नाही बेटा, दोन राज्ये लढली. दोन्हीकडच्या फौजांत दोन्ही धर्मांची माणसे होती." किल्ल्याच्या भिंतीजवळ उभे राहून ऐकलेली ही गोष्ट मुले विसरणार नाहीत.

मात्र आम्हाला त्या मुक्कामातले सगळ्यात जास्त आठवते ते वेगळेच. इशानंतर शेकोटीशी बसलेल्या अम्मींनी स्वतःहून पाणी मागितले. एक पेला प्यायल्या, मग अर्धा आणखी. भाभींनी आमच्याकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही.

यंदाही तारीख ठरते आहे. तुम्हीही जा, इन्शाअल्लाह. फक्त तंबू शोधण्याआधी घरातल्या स्त्रियांना आणि वृद्धांना एकदा विचारा, "तुम्हाला काय लागेल?"