सुगंधी तेलास डिंकाचें कवच

नागभीडच्या भोंवतालच्या रानांतील धावड्याचा डिंक बहुतेकांस लाडवापुरताच ठाऊक असतो. परंतु औषधी तेलें टिकविण्याच्या कामींही तो उपयोगी पडतो.

रोशा गवताचें तेल उघडें ठेवलें तर तें उडून जातें. हवा व उजेड लागून उरलेल्याचा गुणही पालटतो. सर्वच सुगंधी तेलांचा हा स्वभाव होय. यास उपाय कवचाचा. डिंकाच्या पाण्यांत तेल घुसळून त्याचे अतिसूक्ष्म थेंब करितात व तें मिश्रण ऊन हवेंत फवारितात. पाणी उडून जातें आणि थेंबांभोंवतीं डिंकाचें आवरण राहून कोरडी भुकटी मिळते. तेल व पाणी एकत्र धरून ठेवण्याची शक्ति धावड्याच्या डिंकांत चांगली आहे.

मात्र डिंकाचें कवच ओलाव्यानें लवकर सुटतें. तेल पोटांत सावकाश सुटावयास हवें असल्यास निराळा लेप द्यावा लागतो. विलायती पुदिन्याच्या तेलाच्या गोळ्यांवर जठराच्या आम्लांत न विरघळणारा लेप असतो. त्यामुळें तेल आंतड्यांत उतरून तेथील मुरडा शमवितें.

ही क्रिया कारखान्याची आहे. माल चोख देणें हें आपलें काम. रोशा लावणाऱ्यानें मोतिया जातीचेंच बीं घ्यावें. सोफियाच्या तेलास मोल कमी. धानाच्या बांधींत पाणी तुंबतें, सबब निचऱ्याची जमीन निवडावी. डिंकासाठीं धावड्यास वारंवार खोल घाव घालूं नयेत. झाड वाळलें म्हणजे डिंकही गेला. आणि घरीं काढलेलें कच्चें तेल औषध म्हणून कोणींही पोटांत घेऊं नये.