इंजिनाला थंड हवा

मुलांनो, येवल्याच्या विंचूर चौफुलीवर रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहा. कांद्याने भरलेले ट्रक आणि मोटारी सारख्या जात असतात. काही गाड्यांवर ‘टर्बो’ असे लिहिलेले असते. टर्बो म्हणजे काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली ही कल्पना मांडली. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जळते आणि गाडीची ताकद वाढते.

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना? तशीच ही दाबलेली हवाही तापते. तापलेली हवा विरळ होते. म्हणून तिला इंटरकूलरमधून नेतात. ही नळ्यांची व पातळ पत्र्यांची जाळी असते. समोरचा वारा तिला थंड करतो. १२० अंश सेल्सिअसची हवा त्याच दाबाला ६० अंशांवर आणली, तर ती सुमारे १८ टक्के दाट होते.

मग सर्वांत मोठा इंटरकूलर घ्यावा का? नाही. तो भरायला वेळ लागतो आणि गाडी उशिरा जोर धरते. फार लहान असेल, तर हवा गरमच राहते. वाट अरुंद असेल, तर हवेचा दाब घटतो. म्हणून इंजिनाला साजेसा आणि वारा थेट लागेल असा इंटरकूलर निवडावा. त्यावरची धूळही वेळोवेळी साफ करावी.

लक्षात ठेवा, मोठी वस्तू नेहमीच चांगली नसते. योग्य मापाची वस्तूच खरी उपयोगी पडते.